शेवटच्या रकान्यातली माणसं

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री ब्रिटिश हिंदुस्थानात माणसं मोजली गेली. जवळजवळ साऱ्या मुलखाची मोजदाद एकाच रात्री करण्याचा हा पहिलाच खटाटोप होता. त्याआधीची १८७२ ची खानेसुमारी प्रांताप्रांतांत वेगवेगळ्या वेळी उरकली होती. आता मात्र तक्ते आधी भरून ठेवायचे आणि नेमल्या रात्री घरोघर जाऊन पडताळायचे, असा हुकूम होता. नाव, जात, धर्म, वय, लग्न, भाषा, जन्मठिकाण, धंदा अशी माहिती भरली की 'व्यंग' या सदरापाशी लेखणी थांबायची. पुढच्या खानेसुमाऱ्यांत तर हा रकाना तक्त्याच्या अगदी शेवटी असे. घरात कुणी वेडा, आंधळा, जन्मापासूनचा मुका-बहिरा किंवा महारोगी आहे का, एवढंच त्यात लिहायचं होतं.

या चार वर्गांचे नियम बारकाईने ठरवलेले होते. आंधळा म्हणजे दोन्ही डोळ्यांनी आंधळा. एक डोळा गेलेल्याची नोंद करायची नाही. बहिरेपणा जन्मापासूनचाच हवा, तापात किंवा म्हातारपणी कान गेले असतील तर रकाना मोकळा सोडायचा. अंगावर नुसते पांढरे डाग असतील तर तो महारोग धरायचा नाही. मोजणारे गावातलेच लिहितेवाचते लोक होते. वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता, त्यामुळे कोडाची माणसं महारोग्यांत जाऊन बसत. अहवाल लिहिणारे अधिकारी दर दहा वर्षांनी त्याबद्दल कुरकुर करत आणि पुढच्या वेळी तीच सूचना जरा जास्त ठासून छापत.

या यादीत लंगडा माणूस नाही. गिरणीच्या पट्ट्यात हात गेलेला कामगार नाही, लढाईत पाय गमावलेला शिपाई नाही, पाठीला बाक आलेली बाई नाही. ज्याला आज आपण अपंगत्व म्हणताना सर्वांत आधी डोळ्यांपुढे आणतो, ते हातापायांचं अपंगत्व १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या एकाही खानेसुमारीत मोजलं गेलं नाही. सरकारला ज्यांच्यासाठी इस्पितळं, वेड्यांची घरं आणि महारोग्यांचे आश्रम चालवावे लागत, किंवा ज्यांना रस्त्यावरून हलवावंसं वाटे, तेवढ्यांचीच गणती होत होती, असं मला ते तक्ते पाहून वाटतं. त्या माणसांना काय हवं, हा प्रश्न त्या रकान्याच्या मागे नव्हताच.

मुंबईतलंच उदाहरण घेऊ. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय ते हेच. मराठी वाचकांना हे अ‍ॅक्वर्थ दुसऱ्या कारणानेही माहीत असायला हवेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ते हेच गृहस्थ. गावोगावच्या शाहिरांच्या तोंडची कवनं हरवू नयेत म्हणून धडपडलेल्या माणसाला रस्त्यावरचा महारोगी दिसला, ही मोठीच गोष्ट आहे. त्या आश्रमात अनेकांना निवारा आणि औषधपाणी मिळालं, हेही खरं. पण १८९८ च्या महारोगी कायद्याने भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रमात डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. ज्या काळात मोजलं जाणं आणि उचललं जाणं यांत फार अंतर नव्हतं, त्या काळात घरच्यांनी आपलं माणूस का लपवलं असेल, हे समजण्यासारखं आहे.

आणि ते लपवत होते. खानेसुमारीचे अहवाल स्वतःच तसं सांगतात. पाच वर्षांखालच्या मुक्या-बहिऱ्या मुलांचा आकडा नेहमी संशयास्पद इतका कमी यायचा. मूल उशिरा बोलेल, या आशेवर आईबाप नोंद टाळत. महारोग आणि वेड यांच्यात बायकांचे आकडे पुरुषांपेक्षा कमी भरत. त्याचं कारण शोधायला अहवालात जायला नको. घरात अशी एक लेक आहे हे चारचौघांत कळलं की तिच्या धाकट्या बहिणींची लग्नं अडायची. आजही कितीतरी घरांत अडतात. आंधळेपणाचे आकडे पुढे घटत गेले तेव्हा अधिकाऱ्यांनी देवीची लस आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया यांना त्याचं श्रेय दिलं. देवीने डोळे घालवल्याची उदाहरणं तेव्हा गावोगाव होती, त्यामुळे त्यात तथ्य असणारच. पण घटीतला किती भाग लसीचा आणि किती भाग दाराआड ठेवलेल्या माणसांचा, हे कुणालाच वेगळं करता आलं नाही.

१९३१ नंतर हा रकाना गेला. १९४१ ची खानेसुमारी महायुद्धाच्या धामधुमीत आटोपती घेतली गेली. १९५१ ची जनगणना स्वतंत्र देशाची पहिली. तिच्यात फाळणीने विस्थापित झालेल्यांसाठी वेगळा प्रश्न होता आणि तो असायलाच हवा होता. अपंगांसाठी प्रश्न नव्हता. १९६१ मध्ये नव्हता, १९७१ मध्येही नव्हता. हीच वर्षं घरोघरच्या मुलांना पोलिओ गाठत होता ती. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या जनगणनेत त्यांच्यासारख्याची नोंद करायला जागा नव्हती. देशासाठी अधू झालेल्या माणसाची ही गत, तर शेतात, खाणीत, बांधकामावर जायबंदी झालेल्यांची काय कथा.

मग संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. नेमकं तेच भारतीय जनगणनेचं वर्ष होतं. काहीतरी करणं भाग होतं, म्हणून घरयादीच्या वेळीच विचारलं गेलं की घरात पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके किती आहेत. उत्तर आलं ११ लाख १८ हजार आणि वर काही. म्हणजे दर हजारी दोनसुद्धा नाहीत. १९८१ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ३६ व्या फेरीतही अपंगत्व तपासलं गेलं. तिचा अंदाज निघाला सुमारे १ कोटी २० लाख.

एकच देश, एकच सुमार, दोन्ही खाती सरकारी, आणि दोन आकड्यांत दहापटीहून जास्त अंतर.

या अंतरापाशी थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. जनगणनेने 'पूर्ण' हा शब्द घातला आणि अंधुक दिसणारे, कुबडीवर चालणारे, अडखळत बोलणारे असे सारे एका फटक्यात बाहेर पडले. बहिऱ्यांबद्दल तर विचारलंच गेलं नाही. मतिमंद मुलं, मनाचे आजार असलेली माणसं यांचाही उल्लेख नव्हता. उलट नमुना पाहणीच्या कर्मचाऱ्यांना त्याच विषयाचं शिक्षण दिलेलं होतं, थोड्या घरांत जास्त वेळ बसून विचारायची त्यांना मुभा होती, आणि व्याख्या रुंद होती. माणसं तीच होती. फरक विचारण्यात होता. यावरून जनगणना कार्यालयाने बोध घ्यायला हवा होता की प्रश्न नीट घडवला पाहिजे. झालं उलटंच. आकडे भरवशाचे नाहीत म्हणून १९९१ मध्ये प्रश्नच वगळला गेला. ताप मोजता येत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देण्यातला हा प्रकार.

तोवर वारं फिरू लागलं होतं. न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या अध्यक्षतेखाली १९८७ मध्ये नेमलेल्या समितीने अपंगांसाठी स्वतंत्र कायदा हवा, असं सांगून ठेवलं होतं. डिसेंबर १९९२ मध्ये बीजिंगला आशिया आणि प्रशांत महासागर भागातल्या देशांची परिषद भरली. तिथे अपंगांच्या पूर्ण सहभागाचा आणि समानतेचा जाहीरनामा निघाला आणि भारताने त्यावर सही केली. डिसेंबर १९९५ च्या हिवाळी अधिवेशनात संसदेने कायदा मंजूर केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. समान संधी, हक्कांचं संरक्षण आणि पूर्ण सहभाग ही त्याची त्रिसूत्री. सात प्रकारचं अपंगत्व त्याने मानलं आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. उपकाराची भाषा जाऊन हक्काची भाषा कागदावर आली ती इथे.

पण कायद्याला लगेच हिशेब लागतो. शाळा किती, शिक्षक किती, कोणत्या जिल्ह्याला पैसा किती? आणि उत्तर द्यायला हाताशी होते फक्त नमुना पाहणीचे अंदाज. तालुक्यात नेमकी किती मुलं ब्रेलवर शिकणारी आहेत, हे सांगणारा कागद कुठेच नव्हता. जिल्हा परिषदेत निधी मागायला गेलेल्या संस्थेला पहिला प्रश्न हाच यायचा की तुमच्याकडे आकडा आहे का.

इथे जावेद आबिदी यांचं नाव घ्यावं लागतं. ते मूळचे अलीगढचे. पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष, तरुण वयापासून चाकाची खुर्ची. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट स्टेट विद्यापीठात पत्रकारिता शिकून ते भारतात परतले. पुढे दिल्लीत अपंगांच्या रोजगारासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय केंद्राचं काम त्यांनी पाहिलं. १९९५ च्या कायद्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत ते पुढे होते. विमानात चढताना अपंग प्रवाशाला सामानासारखं उचलून नेलं जातं, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९८ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्देश दिले. त्यांची पद्धत ठरलेली होती. पत्र लिहायचं, उत्तर आलं नाही की पुन्हा लिहायचं, तरीही नाही आलं की दारात जाऊन बसायचं.

२००१ ची जनगणना जवळ येऊ लागली तशी त्यांनी आणि देशभरातल्या संस्थांनी एकच मागणी धरली: आम्हाला मोजा. समोरून अडचणी मांडल्या गेल्या. प्रगणक डॉक्टर नसतो, अपंगत्वाची व्याख्या किचकट आहे, दारात उभं राहून असा नाजूक प्रश्न विचारणं बरं नाही, आणि १९८१ चा अनुभव वाईट आहे. या अडचणी खोट्या नव्हत्या. पण त्यांतून एकच निष्कर्ष निघायचा की अपंगांनी अजून दहा वर्षं थांबावं, आणि सत्तर वर्षं थांबलेल्यांनी तो मान्य केला नाही. निदर्शनं झाली, निवेदनं गेली. तेव्हा सामाजिक न्याय खात्याच्या मंत्री असलेल्या मनेका गांधी यांनी या मागणीच्या बाजूने वजन टाकलं. जनगणना आयुक्त होते जयंत कुमार बांठिया, महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी, पुढे राज्याचे मुख्य सचिव आणि ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या आयोगामुळे मराठी घराघरांत माहीत झालेले. अखेर प्रश्न आला. क्रमांक पंधरावा. पाहणं, बोलणं, ऐकणं, हालचाल आणि मानसिक, असे पाच पर्याय.

२००१ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या भौतिकशास्त्राच्या परिषदेला स्टीफन हॉकिंग आले होते. तिथून ते दिल्लीला गेले. त्यांची खुर्ची आत जावी म्हणून पुरातत्त्व खात्याने कुतुबमिनार, जंतरमंतर अशा वास्तूंमध्ये लाकडी उतार बसवले. वर्षानुवर्षं अपंग कार्यकर्त्यांना जे जमणार नाही म्हणून सांगितलं जात होतं, ते एका पाहुण्यासाठी काही दिवसांत झालं. आबिदी आणि त्यांच्या साथीदारांनी मग हेच धरून ठेवलं की उतार काढू नका. आपल्याकडे अडचण लाकडाची किंवा पैशाची क्वचितच असते, आपल्या मोजदादीत तो माणूस आहे की नाही यावर सगळं ठरतं, हे त्या आठवड्यात राजधानीने पाहिलं.

९ ते २८ फेब्रुवारी २००१. सत्तर वर्षांनंतर देशभरच्या मुख्य गणनेत अपंगांची नोंद झाली. काही भागांत मात्र होऊ शकली नाही. २६ जानेवारीच्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त केला होता आणि तिथली गणना त्या महिन्यात झालीच नाही. भिंतीखालून काढलेली, हातपाय गमावलेली, कणा मोडलेली माणसं जिथे तंबूत पडली होती, नेमका तो जिल्हाही वगळला गेला.

देशाचा आकडा आला २ कोटी १९ लाख, लोकसंख्येच्या २.१३ टक्के. आकडा हाती आला आणि त्याच्यातल्या विसंगतीही. दृष्टीचं अपंगत्व एकटंच १ कोटी ६ लाख, म्हणजे जवळपास निम्मं, आणि ऐकण्याचं फक्त १२ लाख ६० हजार. हे पटणारं नव्हतं. एकाच डोळ्याने नीट दिसतं त्यालाही दृष्टीच्या अपंगत्वात धरायची सूचना होती, त्यामुळे ती बाजू फुगली. बहिरेपण तर दिसत नाही. बोलक्या घरात ऐकू न येणारी आजी कोपऱ्यात बसलेली असते आणि तिला अपंग म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नाही. शिवाय एका माणसाचं एकच अपंगत्व लिहायचं होतं. आंधळं आणि बहिरं दोन्ही असलेल्या मुलाने कोणतं निवडावं?

संस्थांनी या वेळी आकडा नाकारला नाही, सुधारायला घेतला. २०११ साठी प्रश्न पंधराव्या क्रमांकावरून नवव्यावर आला, पर्याय आठ झाले, मतिमंदत्व आणि मानसिक आजार वेगळे केले गेले, एकाहून जास्त अपंगत्वांची सोय झाली. प्रगणकांच्या प्रशिक्षणात हा विषय नीट यावा म्हणून कार्यकर्त्यांनी जोर लावला. निकाल बघा. ऐकण्याचं अपंगत्व १२ लाख ६० हजारांवरून ५० लाख ७० हजारांवर गेलं आणि दृष्टीचं १ कोटी ६ लाखांवरून ५० लाख ३० हजारांवर आलं. दहा वर्षांत देशातली अडतीस लाख माणसं एकाएकी बहिरी झाली नाहीत. ती आधीही होती.

२०११ चा एकूण आकडा २ कोटी ६८ लाख, २.२१ टक्के. महाराष्ट्राचा २९ लाख ६३ हजार. देशात पुरुष सुमारे दीड कोटी, बायका १ कोटी १८ लाख. हा सगळा फरक निसर्गाने केलेला नाही. १८८१ मध्ये लेकीला तक्त्यापासून दूर ठेवणारा हात अजून तिथेच आहे. या माणसांपैकी सुमारे ४५ टक्के निरक्षर होती, हेही त्याच मोजणीने सांगितलं. १८८१ चे तक्ते रोगाचं नाव लिहून थांबत होते. आता मोजलेल्या माणसाची शाळा, रोजगार, घर हे सगळं त्याच्या नावापुढे येतं, आणि म्हणूनच ही माहिती हक्क मागण्यासाठी वापरता येते.

तरीही २.२१ टक्के हा आकडा अपुरा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच २०११ साली जगातल्या सुमारे १५ टक्के लोकांना कोणतं ना कोणतं अपंगत्व असल्याचा अंदाज दिला. भारत जगाहून सातपट धडधाकट आहे, असं मानायला काही आधार नाही. अनेक देश आता 'घरात अपंग कोण' असं विचारतच नाहीत. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, जिना चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, दुसऱ्याला समजावून सांगायला त्रास होतो का, असं विचारतात, आणि किती त्रास होतो तेही. या प्रश्नांना उत्तर देताना कुणाला शरम वाटत नाही.

दरम्यान कायदाही पुढे गेला. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, नोकऱ्यांतलं आरक्षण ४ टक्क्यांवर गेलं. सिकलसेल आता त्या यादीत आहे, आणि गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर हा आजार काय करतो हे तिथल्या आशाताईंना विचारावं. स्वमग्नता, हिमोफिलिया, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यात होरपळलेल्या मुली, हे सारे कायद्यात आले. २०११ च्या तक्त्यात त्यांच्या नावाचा पर्याय नव्हता. जावेद आबिदी ४ मार्च २०१८ रोजी वारले. ज्या जनगणनेत या एकवीस प्रकारांची गणती व्हायला हवी होती, ती २०२१ मध्ये झालीच नाही.

आता तिची अधिसूचना निघाली आहे, १६ जून २०२५ ला. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे. प्रगणक बहुधा तुमच्याच गावातल्या शाळेतले गुरुजी किंवा बाई असतील. त्यांना घरात घ्या, बसवा आणि मागच्या खोलीतल्या मुलीचं नाव सांगा. ऐकू न येणाऱ्या आजोबांचं सांगा, झटके येणाऱ्या भावाचं सांगा. आणि वाचकांतले जे कुणी या कामावर नेमले जाल, त्यांना विनंती आहे की हा प्रश्न घाईत 'कुणी नाही ना?' असा विचारून पुढे जाऊ नका. घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल, एकेकाचं नाव घेऊन विचारा.